चारचौघांत शिवी: कुठे चालते, कुठे नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भाषा शिकवतो. शिव्यांबद्दल वर्षानुवर्षं मला जे प्रश्न विचारले गेले, विद्यार्थ्यांकडून, त्यांच्या पालकांकडून, ओळखीपाळखीच्यांकडून, ते इथे एकत्र केले आहेत. जिथे कायदा किंवा संशोधन आहे तिथे ते सांगितलं आहे, बाकीची मतं माझी. जड शिव्या इथे लिहिलेल्या नाहीत. त्या सगळ्यांना ठाऊकच आहेत.

चारचौघांत शिवी कधीच देऊ नये, एवढा साधा नियम का पुरत नाही?

कारण तो फारसं कुणी पाळत नाही, आणि दर वेळी पाळायची गरजही नसते. आपली भाषाच इथे फरक करते. शिवी तोंडातून निघते, सुटते, हासडली जाते. आणि शिवी दिली जाते, घातली जाते. पलंगाच्या पायावर करंगळी आपटली की जे निघतं ते कुणाला उद्देशून नसतं. शिवी द्यायला मात्र घेणारा लागतो. निघालेली शिवी लोक बहुतेकदा खपवून घेतात. दिलेली शिवी क्वचितच खपवून घ्यावी.

दुसरी गोष्ट कानांची. डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. नको ते दिसलं तर मान वळवता येते, नको ते ऐकू आलं तर तिथून उठावं लागतं, आणि उठणं दर वेळी हातात नसतं. म्हणून शब्द किती घाण आहे हे मी सर्वांत शेवटी बघतो. आधी दोन गोष्टी बघतो: तो कुणाच्या अंगावर जातोय, आणि ऐकणाऱ्याला उठून जाता येतं का.

उठून जाता येतं म्हणजे नेमकं काय?

खच्चून भरलेली बस होती. माझ्या पुढच्या बाकावर तीन तरुण गप्पा मारत होते. भांडण नाही, राग नाही. आदल्या दिवशीच्या सामन्याबद्दल अगदी खुशीत बोलणं चाललं होतं आणि दर वाक्याला आईवरून एक. त्यांच्या शेजारी एक गृहस्थ उभे होते, त्यांना बिलगून सात-आठ वर्षांची मुलगी. त्यांचा एक हात वरच्या दांड्याला. दुसरा हात त्यांनी हळूच मुलीच्या कानावर ठेवला. मुलीने तो सारला, तिला ऐकायचं होतं. त्यांनी पुन्हा ठेवला. बोलले काहीच नाहीत. उतरायला वाट नव्हती, पुढे सरकायला जागा नव्हती.

त्या मुलांनी कुणालाच शिवी दिली नव्हती. तरी त्या हाताकडे बघून मला राहवलं नाही. पुढे वाकून म्हणालो, "दादा, जरा सांभाळून. लहान मुलगी आहे इथे." एकाने वळून पाहिलं, जीभ चावली, "सॉरी काका" म्हणाला. पुढचा अर्धा तास ते सामन्याबद्दलच बोलत होते, तेवढ्याच खुशीत, फक्त तो शब्द गाळून.

हेच तिघे मोकळ्या मैदानात बसून असंच बोलत असते, तर मी काही न बोलता पुढे गेलो असतो. बस, लिफ्ट, विमान, दवाखान्याबाहेरची बाकं, लांबलचक रांग, इथले कान अडकलेले असतात. बागेत, मैदानात, समुद्रकिनारी थोडी मोकळीक आहे. पण मुलांचा झोपाळा जवळ असेल तर तिथेही नाही.

कायदा काय म्हणतो?

देशागणिक वेगळं, पण न्यायाधीशही बरेचदा याच दोन गोष्टींपाशी येऊन थांबलेले दिसतात.

अमेरिकेत १९६८ साली एक तरुण सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध शिवी लिहिलेलं जाकीट घालून लॉस एंजेलिसच्या न्यायालयाच्या इमारतीत फिरला. त्याला ३० दिवसांची कैद झाली. १९७१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती रद्द केली. कारणं दोन महत्त्वाची: ती शिवी समोरच्या कुणा एकाला नव्हती, आणि ज्याला खुपलं त्याला नजर दुसरीकडे वळवता येत होती.

सात वर्षांनी त्याच न्यायालयापुढे कानांचा मामला आला. विनोदवीर जॉर्ज कार्लिन यांचं शिव्यांवरचंच एक कथन न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्राने १९७३ मध्ये भर दुपारी लावलं, आणि ते मुलासोबत मोटारीत ऐकायला मिळालेल्या एका वडिलांनी तक्रार केली. १९७८ मध्ये निकाल केंद्राच्या विरोधात गेला, पुन्हा ५ विरुद्ध ४. रेडिओ घरात, गाडीत थेट शिरतो, तो लावणाऱ्याला पुढच्या क्षणी काय ऐकू येणार हे कळत नाही आणि मुलं सहज ऐकू शकतात, असा विचार त्यामागे होता. आज तिथे रेडिओ आणि केबलशिवायच्या साध्या दूरचित्रवाणीवर असा मजकूर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतच चालतो. ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवर रात्री ९ ते पहाटे ५:३० ही मोकळी वेळ आहे. मुलं झोपलेली असतील, एवढाच त्यामागचा हिशोब.

इंग्लंडमध्ये १९८६ च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्याप्रमाणे नुसता शब्द गुन्हा ठरत नाही. तो ऐकून कुणाला त्रास, भीती किंवा मनस्ताप होण्याची शक्यता हवी. झडती घेणाऱ्या पोलिसांसमोर शिव्या दिल्या म्हणून एका तरुणाला झालेली शिक्षा २०११ मध्ये तिथल्या हायकोर्टाने रद्द केली. पोलिसांच्या कानांवर असे शब्द इतके पडतात की त्यांना त्यातून मनस्ताप झाला असं गृहीत धरता येत नाही, असं न्यायाधीशांचं म्हणणं होतं.

भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ (आधीच्या दंड संहितेचं २९४) सार्वजनिक जागी अश्लील शब्द उच्चारून इतरांना उपद्रव देण्याबद्दल आहे. कमाल शिक्षा तीन महिने. पण शब्द नुसता अपमानकारक असून भागत नाही, तो अश्लील असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये जुन्या कलमाबाबत सांगितलं. मार्च २०२४ मध्ये एका वेब मालिकेच्या खटल्यातही शिवराळपणा म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, असाच निकाल दिला. धमकी, स्त्रीचा विनयभंग करणारे शब्द, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला लोकांदेखत जातीवरून शिवीगाळ, या गोष्टी वेगळ्या कलमांत आणि वेगळ्या कायद्यांत येतात. तिथे शिक्षाही जड आहे.

शिवी दिल्याने खरंच बरं वाटतं, की नुसती समजूत?

खरंच वाटतं, निदान दुखण्याच्या बाबतीत. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना बर्फगार पाण्यात हात धरून ठेवायला सांगितला. एकदा शिवी पुटपुटत, एकदा एखादा साधा शब्द म्हणत. शिवी म्हणताना त्यांनी हात सरासरी ४० सेकंद जास्त धरला. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या दोन प्रयोगांतून मला जास्त शिकायला मिळालं. २०११ मध्ये दिसलं की जे दिवसभर शिव्या देतात त्यांना हा फायदा कमी मिळतो. आणि २०२० मध्ये शिवीसारखे वाटणारे बनावट शब्द देऊन पाहिले, तर त्यांचा काही उपयोग झाला नाही. शिवीची ताकद तिच्यावरच्या बंदीत आहे. उठसूट वापरली की ती बोथट होते, आणि खरी गरज पडते तेव्हा हाताशी काही उरत नाही. विद्यार्थ्यांना मी हेच सांगतो: जपून ठेवा, लागेल कधीतरी.

मग दुखलं किंवा दुःख झालं तर कुठेही चालेल?

माझ्या मते हो. एका रात्री मी एका रुग्णालयाच्या बाहेरच्या व्हरांड्यात बसलो होतो. आतून डॉक्टर आले आणि समोरच्या तिशीतल्या माणसाला त्याचे वडील गेल्याचं सांगितलं. तो भिंतीकडे वळला, कपाळ भिंतीला टेकवलं आणि एक अत्यंत घाण शिवी तीन-चार वेळा म्हणाला. कुणाला, ते त्यालाही माहीत नसावं. वीसेक माणसं बसली होती. कुणीच तोंड वाकडं केलं नाही. माझ्या शेजारच्या आजी उठल्या, आपली पाण्याची बाटली त्याच्या हातात देऊन त्याच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

तिथेही सगळे अडकलेलेच होते. पण तो शब्द कुणाच्या अंगावर नव्हता, आणि त्याच्याकडे दुसरा शब्द नव्हता.

"च्यायला", "आयला" या शिव्या धरायच्या का?

आईचा उल्लेख त्यांत आहेच. पण शब्दही नाण्यासारखे झिजतात. "तुझ्या आयला" मधला "तुझ्या" गेला तेव्हा घेणारा गेला आणि नुसता उद्गार राहिला. आज "च्यायला, किती छान!" असं म्हणताना कुणाच्या मनात आई येत नाही. "साला"चंही तेच. मित्रांत, बाजारात, खेळात चालून जातात. वर्गात, व्यासपीठावर, वडीलधाऱ्यांशी पहिल्या भेटीत बोलताना टाळा. आणि कुणी "हा शब्द मला खटकतो" म्हणालं तर त्याला व्युत्पत्ती ऐकवत बसू नका. नका वापरू, इतकंच.

जिवलग मित्र एकमेकांना शिव्या देतात त्याचं काय?

त्यात प्रेमच असतं. दोघांनाही ते मान्य आहे तोवर बाहेरच्याने नाक खुपसू नये. अट एकच: आवाज त्या घोळक्यापुरता ठेवा. आणि घोळक्यात एखादा असतो जो हसतो, पण त्याला उलट शिवी देण्याची मुभा कधीच मिळत नाही. तो मित्र नाही, लक्ष्य आहे. त्याच्याकडे लक्ष असू द्या.

कामाच्या ठिकाणी?

इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या येहुदा बारूख आणि स्टुअर्ट जेन्किन्स यांनी २००७ मध्ये कामाच्या जागी दिल्या जाणाऱ्या शिव्यांवर निबंध लिहिला. सहकाऱ्यांमधल्या शिव्यांनी ताण हलका होतो, एकोपा वाढतो, म्हणून सरसकट बंदी घालणं शहाणपणाचं नाही, असं त्यांचं मत. ग्राहकांसमोर मात्र नको, हेही त्यांनी सांगितलं. मला ते पटतं, पण त्यात मी एक घालीन: शिवी पायऱ्या उतरून येऊ नये. संगणक बंद पडला म्हणून साहेबांनी संगणकाला हासडली तर ठीक. तीच हाताखालच्या माणसावर फिरली की बरोबरीने उत्तर देण्याची सोय त्याच्याकडे नाही, त्याची नोकरी मध्ये आहे. बसमधली मुलगी जशी अडकली होती तसाच तोही अडकलेला आहे. महिनाअखेरीपर्यंत, कदाचित वर्षानुवर्षं.

खेळाच्या मैदानावर चालते ना?

खेळाडूंनाही सूट नाही. फुटबॉलच्या नियमांत अपमानकारक किंवा शिवराळ भाषेला थेट लाल कार्ड आहे. टेनिसमध्ये ऐकू येईल अशी शिवी हासडली की आधी ताकीद, मग गुण जातो, मग अख्खा गेम.

मोटारशर्यतीत अलीकडे जे घडलं ते जास्त बोलकं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला फॉर्म्युला वन चालक मॅक्स व्हर्स्टापन यांनी पत्रकार परिषदेत स्वतःच्या गाडीचं वर्णन करताना एक शिवी वापरली. त्यांना समाजोपयोगी काम करण्याची शिक्षा झाली. २०२५ च्या सुरुवातीला जागतिक संघटनेने दंड कडक केले, चालक संतापले, आणि मे महिन्यात संघटनेने मूळ कमाल दंड १०,००० युरोंवरून ५,००० वर आणला. त्याच वेळी एक फरक लिहून ठेवला: पत्रकार परिषदेसारखी शांत, ताब्यातली जागा वेगळी, आणि प्रत्यक्ष शर्यतीतला आवेगाचा क्षण वेगळा. ताशी ३०० किलोमीटरच्या वेगात समोर गाडी आडवी आल्यावर निघालेला शब्द आणि खुर्चीवर बसून, माईक पुढे ओढून उच्चारलेला तोच शब्द, यांचं माप एक असू शकत नाही.

प्रेक्षकांबद्दल म्हणाल तर हुकलेल्या फटक्याला शिवी समजू शकते. समोरच्या खेळाडूच्या रंगावरून, घराण्यावरून हजारो गळ्यांतून निघालेली शिवी खेळाचा भाग नाही.

सगळ्यांत वाईट शिवी कोणती?

ब्रिटनमधलं प्रसारण-नियामक मंडळ ऑफकॉम दर काही वर्षांनी लोकांना विचारतं. २०१६ आणि २०२१ च्या अहवालांत एक गोष्ट ठळक आहे: शरीरावरून, संभोगावरून असलेल्या शिव्या प्रसंग पाहून लोक चालवून घेतात, पण वंश, अपंगत्व, लैंगिक कल यांवरून हिणवणारे शब्द त्यांना जास्त लागतात. पूर्वी तिथे देवाच्या नावाने हासडलेली शिवी सर्वांत मोठं पाप मानली जायची. आता माणसाच्या जन्मावर बोट ठेवणं सर्वांत वाईट वाटतं. हा बदल मला मनापासून चांगला वाटतो. रागाच्या भरात काहीतरी वाह्यात बोललेला माणूस नंतर ओशाळतो. जन्मावरून बोललेला शब्द ऐकणाऱ्याच्या अंगाला आयुष्यभर चिकटतो.

याच यादीत मी आई-बहिणीवरच्या शिव्या धरतो, आणि यावर माझा नेहमी वाद होतो. दोन पुरुष भांडतात आणि चिखल उडतो तो तिथे हजरही नसलेल्या बाईवर. "अर्थ कोण धरतं?" असं मला सांगितलं जातं. मग त्याच माणसाला कुणी तीच शिवी दिली की त्याचे हात का शिवशिवतात? अर्थ धरला जातो, आपल्या आईपुरता. "च्यायला"सारखी ती झिजलेली नाही, धार शाबूत आहे.

बायकांनी शिव्या दिल्या की जास्त वाईट दिसतं, ते बरोबर आहे का?

नाही. एकच माप लावा.

इंग्रजीत दिली तर तितकीशी घाण वाटत नाही. म्हणजे चालेल?

तुम्हाला वाटत नाही, हा मुद्दा आहे. लंडनमधल्या बर्कबेक महाविद्यालयातले भाषाशास्त्रज्ञ ज्याँ-मार्क दवाले यांनी अनेक भाषा बोलणाऱ्यांचा अभ्यास केला (२००४). मातृभाषेतली शिवी सर्वांत जास्त बोचते, नंतर शिकलेल्या भाषेतली बोथट वाटते, असं त्यात आढळलं. लहानपणी मातृभाषेतल्या शिवीपाठोपाठ पाठीत धपाटा बसलेला असतो, आजीचे मोठे झालेले डोळे आठवतात. इंग्रजी शिवी आपण पडद्यावरून उचलली, तिच्यामागे धपाटा नाही. त्यामुळे परक्या भाषेतली शिवी आपण मीठ-मिरचीसारखी भुरभुरवतो. पण समोरच्याची ती मातृभाषा असेल तर त्याला ती पूर्ण वजनानिशी लागते. परक्या भाषेत शिवी देताना आपल्याला तिचं वजन माहीतच नसतं, म्हणून तिथे जास्तच जपावं.

रस्त्यात एकटाच माणूस मोठ्याने शिव्या देत असेल तर?

आधी जरा थांबून बघा. टुरेट सिंड्रोम या मज्जासंस्थेच्या विकारात काहींना शब्द आवरतच नाहीत. सिनेमांमुळे वाटतं की हा आजार म्हणजे शिव्याच. प्रत्यक्षात शिव्यांचं लक्षण साधारण १० ते १५ टक्के जणांतच असतं. अर्धांगवायूने वाचा गेलेल्या माणसाला पाणी मागता येत नाही, पण शिवी स्पष्ट येते, असं घरोघरच्या शुश्रूषा करणाऱ्यांनी पाहिलेलं असतं. फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये ज्या रुग्णाची नोंद केली त्याला "तॅन" एवढंच बोलता यायचं. चिडला की मात्र देवाच्या नावाने शिवी तोंडातून बाहेर पडायची. जुळवून बोललेलं वाक्य आणि आपसूक निघणारी शिवी मेंदूत एकाच वाटेने येत नाहीत. स्मृतिभ्रंश झालेल्या, जन्मभर तोंडातून वावगा शब्द न काढलेल्या आजोबांच्या तोंडीही शिव्या येतात. घरच्यांना लाजेने मेल्यासारखं होतं. अशा वेळी आजूबाजूच्यांनी टक लावून बघू नये, हसू नये, मोबाइल तर अजिबात काढू नये. सोबतच्या माणसाला "असू द्या" एवढं म्हटलं तरी त्याचा जीव हलका होतो.

गाडी चालवताना?

काच वर असेल तर तुमचं तुम्ही बघा. काच खाली करून दिलेली शिवी ही दिलेली शिवी आहे, आणि तिच्यापुढे बहुतेक वेळा हाणामारी असते. मागच्या सीटवर मूल असेल तर काच वर असूनही उपयोग नाही.

मुलाने चारचौघांत शिवी दिली. काय करू?

हसू नका, हे पहिलं. दोन वर्षांच्या मुलाची शिवी गोड वाटते, घरातले सगळे हसतात, आणि पाहुण्यांसमोर पुन्हा फर्माईश होते. चार वर्षांनी त्याच शब्दाला त्याच मुलाचा कान पिळला जातो. त्याने काय समजायचं? भडकूही नका, आईबाबांचा चेहरा ज्या शब्दाने लाल होतो तो शब्द मूल जपून ठेवतं. बाजूला घेऊन विचारा, याचा अर्थ माहीत आहे का. बहुधा नसतो. जेवढा झेपेल तेवढा खरा सांगा. एकाच्या मुलीने अर्थ ऐकल्यावर विचारलं होतं, "मग बाबा आजीबद्दल असं का बोलतो?" बाबा शेजारच्या खोलीत फोनवर होता. त्याने ऐकलं.

तोंडातून गेलीच, आणि समोर नको ते माणूस होतं. आता?

"माफ करा, तोंडातून गेलं." एवढंच, लगेच, त्या माणसाकडे बघून. "मी असा बोलत नाही हो", "आज डोकंच फिरलंय" असं लांबण लावलं की त्याला उलट तुमचीच समजूत काढावी लागते. एखाद्याला उद्देशून दिली असेल तर जितक्या लोकांसमोर दिली तितक्याच लोकांसमोर माफी मागा. नंतर एकट्याला गाठून मागितलेली माफी त्याला पुरत नाही, कारण अपमान ऐकणारे आपापल्या घरी गेलेले असतात आणि त्यांनी फक्त शिवीच ऐकलेली असते.